तांब्याच्या बारा टोप्या

तिसरं रॉकेट पोलादी प्लेटला बरोबर मधोमध लागलं. मोठा आवाज झाला, माळावरची धूळ उठली. धूर विरल्यावर आम्ही आडोशातून बाहेर आलो आणि प्लेटपाशी जाऊन उभे राहिलो. पहिल्या दोन रॉकेटांनी तिथं आरपार भोकं पाडली होती. तिसऱ्यानं नुसता खळगा पाडला होता, पळीच्या वाटीएवढा.

ट्रायल पाहायला आलेल्या मेजरसाहेबांनी त्या खळग्यात अंगठा घालून पाहिला. मग वहीत काहीतरी लिहिलं.

"पुढचं लावा," आमचे सोहनी साहेब म्हणाले.

चौथं आरपार गेलं. पाचवंही गेलं. सहाव्यानं पुन्हा खळगा. सातवं आरपार. आठव्यानं खळगा. आमच्याकडं आठच होती.

जागा होती धुळ्याच्या दक्षिणेला, लळिंगच्या डोंगराअलीकडचा मुरमाड माळ. स्वातंत्र्याला दहा वर्षं होत आली होती. खांद्यावरून डागायचं, रणगाडा फोडणारं रॉकेट आपल्या देशात करता येतं का, ते पाहण्याचं काम आमच्या छोट्या वर्कशॉपकडं होतं. वर्कशॉप जळगावात, एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये. आजूबाजूच्या लोकांना वाटायचं की आम्ही सरकारी पंप दुरुस्त करतो. आम्हीही त्यांना तसं वाटू द्यायचो. मी तिथं ज्युनिअर इंजिनिअर होतो. सोहनी साहेब आमचे प्रमुख. पोलाद आणि माणूस दोन्ही एकाच नजरेनं तपासणारे.

मेजरसाहेब पंजाबकडचे. पन्नाशीला टेकलेले, कमी बोलणारे. वही मिटून ते सोहनी साहेबांना म्हणाले, "ये तो जुआ हुआ. मैं रेगिस्तान में टैंक के सामने लेटा हूँ, सोहनी साहब. सौ कदम पर आने देते हैं, तब चलाते हैं. जवान को दूसरा मौका नहीं मिलता. आठ में पाँच मुझे नहीं चाहिए."

"एक महिना द्या," सोहनी साहेब म्हणाले.

"एक महीना. उस दिन एक भी अटका, तो मैं लिख दूँगा कि बाहर से खरीदो."

परतताना जीपमध्ये, धुळं मागं टाकून जळगावच्या रस्त्याला लागल्यावर सोहनी साहेब मला म्हणाले, "तीन खळगे पडले चौधरी, पण कारण एकच असणार. शोधा."

कारण समजायला हे रॉकेट काय करतं ते थोडं सांगावं लागेल. रणगाड्याचं पोलाद नुसत्या जोरानं फुटत नाही. रॉकेटच्या तोंडात स्फोटक भरलेलं असतं आणि त्या स्फोटकाच्या पुढं तांब्याचा पातळ, पोकळ शंकू बसवलेला असतो. इंग्रजीत त्याला लायनर म्हणतात, आमच्या शेडमध्ये सगळे टोपी म्हणायचे. स्फोट झाला की ही टोपी आतल्या आत मिटते आणि तिची सुईसारखी बारीक धार निघते. ती धार पोलादात घुसते. अट एकच. टोपी सगळीकडून सारखी हवी. एका बाजूला जरा कमीजास्त झालं की धार वाकडी जाते, आणि वाकडी धार नुसता खळगा पाडते.

मी आधी स्फोटकाचा भराव तपासला. मग फ्यूज, म्हणजे आपटल्यावर स्फोट सुरू करणारा भाग. दोन आठवडे गेले. दोन्हीत दोष सापडला नाही. उरल्या टोप्या.

टोप्या जळगावच्या आत्माराम आबांनी केल्या होत्या. आबा तांबट. जुन्या जळगावात त्यांचं दुकान, मागं घर. टोप्या काढायचा प्रेस मिळायला दोन वर्षं लागणार होती, म्हणून ट्रायलपुरत्या बारा टोप्या हातानं ठोकून घ्यायच्या, असं ठरलं होतं. मी सायकलवरून त्यांच्याकडं गेलो होतो, तेव्हा त्यांनी माझं ड्रॉइंग गुडघ्यावर पसरून बराच वेळ पाहिलं.

"हाई कसानं भांडं शे, साहेब?"

"भांडं नाही आबा. रणगाडा फोडायची टोपी आहे."

ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, एवढ्या बारीक कामाला नाही म्हणतील. ते म्हणाले, "करसू."

आणि काय केलं त्यांनी! लोखंडी साच्यावर पत्रा चढवायचा, तापवायचा, पाण्यात विझवायचा, पुन्हा ठोकायचा. मी रोज संध्याकाळी पिंप्राळ्याला घरी जाताना डोकवायचो. मायक्रोमीटरनं प्रत्येक टोपीची जाडी चार ठिकाणी मोजायचो. केसाएवढाही फरक निघायचा नाही. बारा टोप्या पास केल्या, बारा चिठ्ठ्यांवर सही केली. मग बाहेरून काळं वार्निश लावायला त्या पुन्हा आबांकडंच ठेवल्या, कारण उघडं तांबं स्फोटकाला लागलेलं चालत नाही.

त्या दिवशी आबांनी मला विचारलं होतं, "यावर नाव कोनं घालू, साहेब?"

आपल्याकडं भांड्यावर नाव घालतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नातल्या भांड्यावर देणाऱ्याचं, बारशाच्या भांड्यावर बाळाचं, आणि कुणी गेलं की त्याच्या स्मरणार्थ वाटायच्या भांड्यावर त्याचं. ठिपक्याला ठिपका लावून. नाव नसलेलं भांडं दुकानाबाहेर पाठवायचं, हे आबांच्या हाताला पटत नसावं, असं मला वाटलं. मी हसून म्हणालो, "फुटून धूर होणार आहे त्याचा, आबा. नाव वाचणार कोण?"

आबा हसले नाहीत. विनोद कळला नसेल असं मी समजलो. शहाणा माणूस मी.

बारांपैकी आठ टोप्या रॉकेटांत गेल्या होत्या. चार शिल्लक होत्या. त्या चारी मी पुन्हा मोजल्या. चारी मापात. शेवटची टोपी पुसून डब्यात ठेवताना माझं बोट सहज तिच्या आतून फिरलं आणि अडखळलं. आत बारीक उंचवटे होते. ओळीनं.

मी उजेडात जाऊन पाहिलं. मग टर्पेंटाइनच्या बोळ्यानं बाहेरचं वार्निश पुसलं. काळ्याखालून ठिपके वर आले, ठिपक्यांची अक्षरं झाली.

कै. सुपडू आत्माराम.

बाकी तीन टोप्यांवर काही नव्हतं. हिशेब सरळ होता. आठांपैकी तीन अडकल्या, चारांपैकी एकीवर नाव. बारांपैकी चार टोप्यांवर आबांनी नाव घातलं होतं, मी पास केल्यानंतर आणि वार्निश लावण्याआधी.

मला राग आला, हे खोटं कशाला सांगू. महिन्यातले दहा दिवस उरले होते. ती टोपी खिशात टाकून मी तसाच सायकलवर बसलो. वाटेत चार वाक्यं जुळवली, चारी कडक.

दुकानात आबा घागरीचा बुंधा ठोकत बसले होते. मागच्या दारातून अक्का आल्या, आबांच्या कारभारीण. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणे. हातात तांब्याचा लोटा.

"बठा भाऊ, पानी ल्या."

लोट्याच्या कडेवर ठिपक्यांत नाव होतं. चि. सुपडू. मी पाहतोय हे अक्कांनी पाहिलं.

"मन्हा सुपडूना लोटा शे," त्या म्हणाल्या. "त्यान्हा बारसाले मामानी दिधा. लष्करमा शे तो. लढाई सरी गयी, पन त्याले काही सुट्टी देत नैत." मग जरा पुढं वाकून म्हणाल्या, "तुम्ही सरकारना मानूस ना भाऊ? त्यान्हा रजानं जरा लिखी पाहा."

मी पाणी प्यायलो. दुसरं काय करणार होतो?

"च्या ठेव वं," आबा म्हणाले. अक्का आत गेल्या. आबांनी हातोडी उचलली आणि घागर पुन्हा ठोकायला सुरुवात केली. मी खिशातून टोपी काढून त्यांच्यापुढं धरली. त्यांनी तिच्याकडं एकदाच पाहिलं.

"सापडनी," ते म्हणाले. हात थांबला नाही. तो का थांबत नव्हता हे मला जरा वेळानं कळलं. ठोक्यांच्या आवाजात बोलणं आत ऐकू जात नव्हतं.

"आबा, हे का केलंत?"

"इंग्रजनी लढाईमा पोरगा मिसरना वाळवंटमा गया. रणगाडासमोर." ठोका. "त्यान्हा देह ऊना नै. हाडं ऊनात नै. एक कागद ऊना, तो मी आठे भट्टीमा टाकी दिधा. तिले दखाडा नै." ठोका. "पंधरा वरीस व्हयनात. ती त्यान्ही वाट पाहस. मी एवढा गावना भांडावर कै. लिखं, पन मन्हा पोरनं लिखाले मन्हा घरमा जागा नै." ठोका. "तुम्ही बोलनात, फुटी जाई, कोन वाचस. मंग मी म्हनं, आठेच लिखू. रणगाडाले लागी."

"चारवरच का?"

"बारावर लिखतू. चौथीले तिनी जेवाले हाक मारी. ती येवाना आगोदर मी वार्निश लाई दिधं."

माझी चार कडक वाक्यं कुठं गेली कोण जाणे.

आबांनी मान वर केली. "साहेब, एक इचारू? मन्हा सुपडूनी टोपीघाई गाडा फुटना का?"

नोकरीत मला पुष्कळ प्रश्न विचारले गेले, वरिष्ठांनी, लष्करानं, एकदा दिल्लीच्या कमिटीनंही. एवढा अवघड कुणी विचारला नाही. "हो" म्हणालो असतो तर म्हातारा सुखानं झोपला असता. पण नवीन टोप्या त्यालाच करायच्या होत्या. आणि मेजरसाहेबांचा जवान माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. सौ कदम.

"नाही, आबा," मी म्हणालो. "ज्या तीनवर नाव होतं, त्या तीनच अडकल्या. ठिपक्यांमुळं धार वाकडी गेली."

हातोडी थांबली. दुकान एकदम शांत झालं. आतून अक्कांचा आवाज आला, "काय व्हयनं?"

"काही नै," आबा म्हणाले आणि पुन्हा ठोकायला लागले. पण आता हातोडी घागरीवर कुठंही पडत होती. आयुष्यभर चुकला नसेल असा तो हात चुकत होता. मग ते म्हणाले, "तठे त्यान्हा हातमाना हत्यारमा बी असंच काही व्हई. कोनी तरी काही तरी करेल व्हई."

मला तिथं बसवेना. मी उठलो तसा त्यांनी हात पुढं केला. मी टोपी दिली. त्यांनी ती चिमट्यात धरून भट्टीत घातली, लाल झाल्यावर ऐरणीवर ठेवली आणि सात-आठ ठोक्यांत सपाट केली. अक्षरं गेली. "आते ल्या," म्हणाले. "नाव कोनले दखाडू नका. तिन्हा कानवर जाई."

पुराव्यादाखल माझ्याकडं तांब्याचा एक वाकडा पत्रा उरला.

दुसऱ्या दिवशी सोहनी साहेबांपुढं उभा राहिलो.

"कारण सापडलं?"

"सापडलं. टोप्यांवर वार्निशच्या आधी ठिपके ठोकले गेले. इन्स्पेक्शन त्याआधीच झालं होतं. वार्निशनंतर पुन्हा करायला हवं होतं. ते मी केलं नाही."

"ठोकले कुणी, ते मी विचारतोय."

"तपासणी माझी होती, साहेब."

"चौधरी, हे लष्कराचं काम आहे. 'कॉन्ट्रॅक्टर' एवढा एक शब्द रिपोर्टात लिहा. तुम्ही सुटता."

"आणि ते?"

"ते पोलीस बघतील. घातपात म्हणतील, आणखी काही म्हणतील."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. लोट्यासकट. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शेवटी विचारलं, "ती टोपी?"

मी वाकडा पत्रा पुढं ठेवला.

"हे काय आहे?"

"तीच."

"मूर्ख आहात तुम्ही," ते म्हणाले. "नवीन टोप्या कोण करणार?"

"आबाच."

"पुन्हा?"

"साहेब, यापुढं त्यांच्याइतकी काळजी कुणी घेणार नाही."

त्यांनी चष्मा लावला. रिपोर्टात लिहिलं गेलं: वार्निशनंतर तपासणी न झाल्यानं पृष्ठभागावरचा दोष निसटला, जबाबदारी ज्युनिअर इंजिनिअरची. काही लोक याला माझा त्याग म्हणतील, म्हणून सांगून ठेवतो. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. माझ्या सर्व्हिस बुकात लाल शाईनं ताशेरा आला आणि निवृत्तीपर्यंत तिथं राहिला.

आबांनी आठ दिवसांत आठ टोप्या केल्या. मी रोज जात होतो. ते माझ्याशी बोलत नव्हते, मीही काही काढत नव्हतो. अक्का दर वेळी त्याच लोट्यातून पाणी देत आणि रजेच्या अर्जाचं काय झालं ते विचारत. मी म्हणायचो, बघतो. वार्निश लागल्यावर प्रत्येक टोपीच्या आतून मी बोट फिरवलं. एकदा नाही, तीनदा. तळ्यातल्या पाण्यासारखी गुळगुळीत. शेवटची टोपी देताना आबांनी ती क्षणभर सोडलीच नाही. मला वाटलं, यांना काही सांगायचंय. मग त्यांनी सोडली.

महिना भरला त्या दिवशी आम्ही पुन्हा लळिंगच्या माळावर होतो. या वेळी प्रत्येक रॉकेटनंतर मेजरसाहेब एकटेच प्लेटपाशी जात. भोकाला डोळा लावून पलीकडचा डोंगर दिसतो का, ते बघत. पहिलं, दुसरं, तिसरं. सहाव्याला मी मुरमावर बसलो. आठवं सुटलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. आपलं काम न बघणारा इंजिनिअर.

मेजरसाहेब परत आले. वही उघडली नाही. "आठों," ते म्हणाले. मग जरा थांबून, "ये हमारे पास तब होता तो..." एवढंच म्हणाले आणि जीपकडं वळले.

जळगावला आलो ते थेट दुकानावर. अक्का समोरच होत्या, त्यामुळं फार बोलता येईना.

"बठ्ठ्या?" आबांनी विचारलं.

"बठ्ठ्या, आबा. एकही अडकली नाही."

आबांनी हातातली हातोडी खाली ठेवली आणि दोन्ही तळवे ऐरणीवर टेकवून बसून राहिले. "काय व्हयनं? रडी काबर ऱ्हायनात?" अक्कांनी विचारलं. "धूर गया डोयामा," ते म्हणाले. भट्टी विझलेली होती.

पुढं आमच्या रॉकेटला हिरवा कंदील मिळाला. टोप्या मोठ्या कारखान्यात प्रेसवर निघू लागल्या आणि आबांचं त्या कामातलं नातं संपलं. तपासणीच्या कागदावर मात्र मी एक ओळ घालून घेतली: वार्निशनंतर आतून बोट फिरवून पाहावे. नवे इंजिनिअर मला विचारायचे, "सर, एवढी मापाची साधनं असताना बोट कशाला?" मी म्हणायचो, साधन आपण जिथं लावतो तेवढंच मोजतं. ते मान डोलवायचे. त्यांना ते पटायचं की नाही, माहीत नाही.

दोन वर्षांनी आबा स्वतः शेडवर आले, तेव्हा मी ओळखलं नाही. डोक्यावरचे केस काढलेले, खांद्यावर पिशवी. अक्का गेल्या होत्या. तेरावा होऊन गेला होता.

"शेवटले बी तीच बोलनी," आबा म्हणाले. "सुपडू ऊना का लोटा त्याले दिज्यात."

पिशवीतून त्यांनी तांब्याचं एक फुलपात्र काढून माझ्या हातात ठेवलं. गावात वाटली त्यांतलंच एक. मी ते दोन्ही हातांनी घेतलं. सवयीनं माझं बोट आत गेलं आणि आतून फिरलं.

ठिपके लागले. एका ओळीत अक्कांचं नाव, खाली सुपडूचं. दोघांच्या आधी कै.

मी ते मायक्रोमीटरशेजारी ठेवलं. या वेळी नाव जिथं असायला हवं होतं, तिथंच होतं.